सरफोजीराजे : रुग्णाच्या उशाशी बसणारा राजा

कावेरीतीरावरचे तिरुवैयारु आपणांस ठाऊक असते ते संत त्यागराजांच्या समाधीमुळे. पौष वद्य पंचमीच्या आराधनेस जाणाऱ्या मराठी रसिकाने तेथून चार कोसांवरील तंजावरास जाऊन श्वार्ट्झ यांच्या चर्चमधील संगमरवरी शिल्पही अवश्य पाहावे. मृत्युशय्येवरील वृद्ध पाद्री आणि त्याचा हात हाती घेतलेला तरुण मराठा राजपुत्र, असे ते दृश्य आहे. तो राजपुत्र म्हणजे त्यागराजांचे समकालीन दुसरे सरफोजी.

त्यांचा जन्म १७७७ चा. १७८७ साली तुळजाजीराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि लवकरच ते निवर्तले. पोरक्या बालकाचे पालकत्व श्वार्ट्झ यांनी निभावले. गुरू अंथरुणास खिळले, तेव्हा राज्यारोहणास काही महिने उरलेला हा शिष्य धर्मभेद बाजूस सारून त्यांच्या भेटीस गेला.

१७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांनी मात्र विद्या आणि आरोग्य यांचे राज्य उभारले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले. धन्वंतरी महालात औषधांचे प्रयोग करविले. नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी ठेवविल्या. यात्रेकरूंच्या छत्रांविषयी १८०१ साली त्यांनी रेसिडेंटास सविस्तर लिहून कळविले. वाटेत आजारी पडलेल्या परक्या वाटसरूस छत्रात नुसते अन्न नव्हे, तर वैद्य, पथ्य आणि बरे होईपर्यंत आसरा मिळे. घरापासून दूर आजारी पडलेल्याला माणूस हवा असतो, हे त्यांनी जाणले होते. १८३२ साली ते कैलासवासी झाले.

आज वैद्यकशास्त्रही तेच सांगते. अतिदक्षता विभागातील रुग्णास, विशेषतः वृद्धांस, अनेकदा बुद्धिभ्रम होतो. दिवस-रात्र कळेनाशी होते, माणसे ओळखू येत नाहीत. औषधांनी तो टळेलच याची शाश्वती नसते. परंतु आपले माणूस जवळ बसले, त्याने वार, वेळ, स्थळ यांची आठवण दिली, चष्मा आणि श्रवणयंत्र हाती दिले, रात्री शांत झोप लाभू दिली, तर मन थाऱ्यावर राहण्यास साह्य होते.

परमुलखात आपल्या कित्येक वडीलधाऱ्यांस रुग्णालयात मराठीचा एक शब्दही कानी पडत नाही. डॉक्टरांची अनुमती घेऊन अशा खाटेपाशी घटकाभर बसणे, नावाने हाक मारणे, गावाकडच्या गोष्टी काढणे, एवढे तर मंडळातील कोणासही जमेल. सुवर्णमहोत्सवी वर्षात हा संकल्प आपण केला, तर सरफोजीराजांच्या छत्राचा एक खांब आपल्याही गावी उभा राहील.