विश्लेषण : बसताही न येणाऱ्या बाबा आमटेंनी देश कसा पालथा घातला? गाडी चालवू न शकणाऱ्यांसाठी त्यांनी काय केले?

गाडी चालवता येत नसेल तर दवाखाना, शाळा, बाजार कसा गाठायचा, हा प्रश्न चंद्रपूर आणि गडचिरोलीतील अनेक गावांत आजही रोजचा आहे. वय, अपंगत्व, आजार किंवा रिकामा खिसा, कारण कोणतेही असो, अडचण तीच. कुष्ठरुग्णांचे सेवक म्हणून ओळखले जाणारे बाबा आमटे याच प्रश्नाला आयुष्यभर वेगवेगळ्या बाजूंनी भिडले. पुढे ते स्वतःही गाडीत बसू शकत नव्हते.

स्पोर्ट्स कारपासून मैल्याच्या टोपलीपर्यंत?

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे जमीनदार कुटुंबात झाला. तरुणपणी त्यांच्याकडे सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या आसनांवर बिबट्याचे कातडे होते. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली सुरू केली. वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे जिणे समजून घेण्यासाठी त्यांनी स्वतः मैला वाहिला. याच काळात भर पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम हा कुष्ठरुग्ण त्यांना दिसला. आधी ते घाबरून दूर झाले, मग परत येऊन त्याची शुश्रूषा केली. पुढे कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये त्यांनी कुष्ठरोगाचे प्रशिक्षण घेतले आणि १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली.

कुष्ठरुग्णांसाठी प्रवास इतका अवघड का होता?

पहिले कारण शरीराचे. या आजारात नसांवर परिणाम होऊन तळपायांची संवेदना जाते. काटा रुतला तरी कळत नाही, चालत राहिल्याने जखम चिघळते. बोटे वाकडी झाली की सायकलचे हँडल किंवा बैलाचा कासरा धरणेही कठीण होते. त्यात उपचार दीर्घकाळ चालणारे, म्हणजे दवाखान्याच्या फेऱ्या पुन्हा पुन्हा.

दुसरे कारण कायद्याचे. ब्रिटिशांच्या १८९८ च्या कुष्ठरुग्णविषयक कायद्यानुसार, सरकार ठरवील त्या भागात कुष्ठरुग्णांना भाड्याचे सार्वजनिक वाहन चालवण्यास आणि त्यात बसण्यास मनाई करता येत होती. रेल्वेचा डबा तेवढा या कलमातून वगळलेला होता. म्हणजे ज्याला चालणे सर्वाधिक त्रासाचे, त्यालाच पायी चालायला लावण्याची ही तरतूद होती.

आनंदवनाने काय बदलले?

बाबांनी वरोऱ्याच्या आसपास उपचार केंद्रे सुरू केली. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन उभे राहिले. सोबत पत्नी साधनाताई, लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि हातात १४ रुपये. आधी विहीर खोदली, मग शेती पिकवली. हळूहळू दवाखाना, कार्यशाळा, महाविद्यालय, अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा एकाच परिसरात आल्या. पायाला जखम असलेल्या माणसाला उपचार, काम आणि मुलाची शाळा चालत गाठता येऊ लागली. प्रवासाची गरजच कमी करण्याचा हा उपाय होता. येथील कार्यशाळेत अपंगांसाठी हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलीही तयार झाल्या. पायांनी चालता येत नसले तरी हातांत बळ असलेल्या माणसाला त्यामुळे दुसऱ्याची वाट न पाहता हिंडता येऊ लागले.

हेमलकशात हा उपाय का पुरला नसता?

वरोरा रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहे. भामरागडच्या जंगलात तेव्हा धड रस्ताही नव्हता. पावसाळ्यात इंद्रावती, पामुलगौतमी, पर्लकोटा या नद्या आणि असंख्य नाले वाट अडवत. तेथील माडिया आदिवासींनी वरोऱ्याला यावे, ही अपेक्षाच चुकीची ठरली असती. म्हणून २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथेच राहिले. त्या वेळी हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये झाला. रुग्ण खाटेवर किंवा खांद्यावर, मैलोन्‌मैल पायवाटेने आणले जात. १९७६ मध्ये निवासी आश्रमशाळा सुरू झाली. रोज जंगल तुडवणे शक्य नसलेल्या मुलांना त्यामुळे शिकता आले.

बसता येत नसताना भारत जोडो यात्रा कशी झाली?

मणक्याच्या गंभीर आजारामुळे उत्तरायुष्यात बाबांना बसता येत नसे. उभे राहायचे, चालायचे किंवा आडवे व्हायचे, एवढेच पर्याय उरले. तरीही डिसेंबर १९८५ मध्ये, एकाहत्तरीत, ते कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने निघाले. शंभराहून अधिक युवक-युवती सायकलींवर होते. बाबा पलंगाची सोय केलेल्या वाहनात झोपून होते आणि मुक्कामी उभे राहून लोकांशी बोलत होते. हा प्रवास पाच हजार किलोमीटरहून अधिक झाला. १९८८ मध्ये इटानगर ते ओखा ही आणखी लांबची यात्रा झाली. १९९० मध्ये ते नर्मदाकाठी कसरावद येथे राहायला गेले, तेव्हाही आजार सोबत होताच. आजार तोच राहिला, वाहनाची रचना बदलली आणि प्रवास शक्य झाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले.

आज परिस्थिती काय?

१८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ उजाडले. त्याच वर्षी आलेल्या दिव्यांग हक्क कायद्याने बसथांबे, रेल्वे स्थानके आणि वाहने सर्वांना वापरता येतील अशी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, तर मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट.

मात्र सवलत उपयोगी पडायला गावात बस यावी लागते. गडचिरोलीतील गर्देवाडा येथे स्वातंत्र्यानंतरची पहिली एसटी धावली ती १ जानेवारी २०२५ रोजी. बस आली तरी तिची उंच पायरी गुडघे दुखणाऱ्या आजीला चढता आली पाहिजे, चाकाची खुर्ची आत नेता आली पाहिजे.

आनंदवनात सोयी माणसाजवळ आल्या, हेमलकशात डॉक्टर जंगलात गेले, यात्रेत वाहन शरीराप्रमाणे बदलले. दुर्गम गावासाठी फिरता दवाखाना, वेळेवर येणारी बस आणि कमी उंचीची पायरी या आजच्या मागण्या नेमक्या त्याच तीन उपायांच्या आहेत. फरक एवढाच, की ते काम तेव्हा एका संस्थेने केले. आता कायद्याने ते सरकारचे कर्तव्य आहे.