जॉर्ज बर्नार्ड शॉ

आयर्लंडमधील डब्लिन शहरी २६ जुलै १८५६ रोजी बर्नार्ड शॉ यांचा जन्म झाला. १८७६ साली ते लंडनला आले. तेथे त्यांनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. प्रकाशकांनी त्या एकामागून एक नाकारल्या. तरीही त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही.

१८९४ साली त्यांचे ‘आर्म्स अँड द मॅन’ हे विनोदी नाटक रंगभूमीवर आले. त्यातील बल्गेरियन तरुणी रैना आपल्या भावी पतीच्या घोडदळाच्या पराक्रमाने भारावून गेलेली असते. अशा वेळी शत्रुपक्षाचा एक थकलाभागला सैनिक तिच्या खोलीत आश्रयास येतो. काडतुसांऐवजी चॉकलेट बाळगणारा हा अनुभवी शिपाई तिला सांगतो, की तो पराक्रम म्हणजे शुद्ध अविचार होता. शत्रूला चुकीची काडतुसे मिळाली, म्हणूनच तो निभावला. हसता हसता प्रेक्षकांना युद्धाचे खरे रूप दिसले.

१९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा शॉ यांनी तीच परखड दृष्टी लेखातून मांडली. लोक संतापले, स्नेही दुरावले; पण ते डगमगले नाहीत. पुढे १९२५ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. २ नोव्हेंबर १९५० रोजी ते निवर्तले. रणांगणावर धैर्य लागते, तसेच अप्रिय सत्य बोलण्यासही लागते, हे त्यांच्या चरित्रावरून दिसून येते.