जोतीराव फुले व अमेरिकेतील गुलाम

जोतीराव गोविंदराव फुले यांचा जन्म सन १८२७ त माळी कुळात झाला. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले, व टॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांच्या वाचनात आले. अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहून त्यांनी सन १८४८ त पुण्यास तशीच शाळा काढली. लोक खवळले, तेव्हा सन १८४९ त पित्याने पुत्रास व सून सावित्रीबाई हिला घराबाहेर काढले.

वाचकहो, त्या काळी अमेरिकेत उत्तर व दक्षिण प्रांतांमध्ये गुलामगिरीवरून कलह पेटत चालला होता. गुलाम बाळगणारेही स्वतःस ख्रिस्तीच म्हणवीत, हे आपण लपवू नये. सन १८६१ ते १८६५ पर्यंत घोर युद्ध झाले, आणि गुलाम मोकळे झाले.

जोतीरावांस त्या गुलामांच्या दशेत आपल्या शूद्रातिशूद्रांची दशा दिसली. सन १८७३ त त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहून गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले, व आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा प्रकट केली. त्यापूर्वी पाच वर्षे, सन १८६८ त, त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य गणलेल्यांस खुला केला होता.