शाळा आली अंगणात : ताराबाई मोडक



दर शुक्रवारी आम्ही काही पालक इथे मनामात मुलांना मराठी शिकवतो. बाराखडीचे पुस्तक उघडले की मुले जांभया देतात! अशा वेळी ताराबाई मोडक आठवतात.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढले. सोबत अनुताई वाघ होत्या. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेले.

वारली बोलीला स्वतःची लिपी नाही. शेती, जंगल, गुरे, तारपा, लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला चौक हे मुलांचे जग. पुस्तकी मराठी त्यांना परकी, त्यात गुरे राखायचे काम. मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यावर अंगणवाडी, गुराख्यांसाठी कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शिंपले. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या, पण अंगणवाडी हा शब्द देशभर राहिला.

आमची अडचण उलटी आहे. वारली मुलांकडे घरची बोली होती, शाळा नव्हती. आमच्या मुलांना उत्तम शाळा आहे, घरची भाषाच निसटते आहे. म्हणून येत्या शुक्रवारी पुस्तक बंद. समुद्रावर शिंपले वेचू, खजुराच्या बिया मोजू, मराठीतच. येताय ना?