विचारून चालणारे बसवेश्वर

बाराव्या शतकात बागेवाडीच्या परिसरात जन्मलेल्या महात्मा बसवेश्वरांची साधना कूडलसंगमी झाली. मंगळवेढ्यास बिज्जलाच्या पदरी चाकरी करून ते पुढे कल्याणास भांडारी झाले. हाती राज्याचा खजिना असूनही, परंपरा सांगते, अनुभवमंटपातील शून्यसिंहासनावर त्यांनी अल्लमप्रभूंना बसविले आणि नावाडी चौडय्या, मोळीविके मारय्या यांच्या पंक्तीत बसून विचार केला.

हरळय्यांचा पुत्र व मधुवरसांची कन्या यांचा विवाह शरणांच्या संमतीने झाला. बिज्जलाने मात्र कानाशी लागणाऱ्यांचेच ऐकून दोन्ही पित्यांस देहदंड दिला. कल्याण पेटले, ११६७-६८ च्या सुमारास त्याचाही अंत झाला.

सद्भक्तहो, निर्णयाचा भार ज्यांच्या माथी पडणार, त्यांना आधी विचारावे. मठ असो वा राज्य, अधिकाराची शोभा त्यातच आहे.