मास्तरांचा शर्ट

त्या दिवशी जॉन दुपारभर बेसबॉल खेळत होता. संध्याकाळी लोकांपुढे व्हायोलिन वाजवायचे आहे हे त्याला माहीत नव्हते असे नाही. पण अकरा-बारा वर्षांच्या पोराला दुपारी संध्याकाळ फार लांब वाटते. दमून, भुकेजून घरी आला, तर घालायला धुतलेला शर्ट नाही. शेवटी मास्तरांचाच शर्ट त्याच्या अंगावर चढवला गेला. थोर माणसाच्या मापाचा तो शर्ट टाचण्या लावून कसाबसा बसवला.

ही गोष्ट वॉशिंग्टनची, १८६०च्या दशकातली. शहरात सेंट एलिझाबेथ नावाचे मनोरुग्णांचे मोठे सरकारी रुग्णालय होते. एस्पुटा मास्तर आपल्या संगीतशाळेतल्या मुलांना घेऊन तेथे कार्यक्रम करीत. जॉनची पाळी आली. एकट्याने वाजवायचे, समोर भरलेला दिवाणखाना. त्याने गज उचलला, हात हलू लागला आणि टाचण्या एकेक करून सुटू लागल्या. कॉलर मानेवर सरकू लागली. आता शर्ट सावरायचा की सूर? पोराला पुढचे काही आठवेना. त्याने वाजवणे सोडले आणि सरळ पळ काढला. कार्यक्रमानंतर सगळ्यांना खाऊ होता. मास्तरांनी याला मात्र काही मिळणार नाही असे ठणकावले.

मी बँकेत चिकटलो त्या वर्षी एका नव्या कारकुनाची पहिल्याच दिवशी कॅश जुळेना. चहा आला, त्याने कपाला हात लावला नाही. कुणी त्याला मना केले नव्हते, तरी लावला नाही. जॉनची ही हकिकत वाचताना मला तो चहाचा कप आठवला.

हा जॉन म्हणजे जॉन फिलिप सूझा. जगभरचे लष्करी बँड आजही ज्याच्या रचना वाजवतात, तो. गोव्याकडच्या वाचकांना आडनाव ओळखीचे वाटेल, आणि ते खरोखरच पोर्तुगीज आहे. वडील अंतोनियो पोर्तुगीज कुळातले, जन्म मात्र स्पेनमधला, आई बव्हेरियाची. वडील अमेरिकेच्या मरीन दलाच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवीत. राष्ट्राध्यक्षांच्या समारंभांत वाजवण्याचा मान असलेला हा बँड १७९८ सालचा. ६ नोव्हेंबर १८५४ रोजी जॉन जन्मला, तो मरीन बॅरेकच्या जवळच्या गल्लीत. त्यामुळे कवायतीची पावले आणि पितळी वाद्ये पाळण्यापासून कानावर. यादवी युद्ध संपल्यावर मे १८६५मध्ये विजयी फौजांचे दोन दिवस संचलन झाले, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. तो देखावा तो जन्मभर विसरला नाही.

रुग्णालयातल्या त्या फजितीने त्याची व्हायोलिन सुटली नाही. उलट तेराव्या वर्षी एका सर्कसवाल्याने त्याचे वादन ऐकले आणि बँडमध्ये येतोस का म्हणून विचारले. घरी सांगायचे नाही, ही अट. पोरगा हरखला. पण पोटात गुपित राहते थोडेच! त्याने शेजारच्या मित्राला सांगितले, मित्राने आईला, आणि तिने अंतोनियोंना.

पुढे काय होईल? आपल्याकडे असते तर पाठीत दोन धपाटे ठरलेले. अंतोनियोंनी आवाजही चढवला नाही. सकाळी मुलाला रविवारचे चांगले कपडे घालायला सांगितले, फिरायला म्हणून बाहेर काढले आणि थेट मरीन बॅरेकमध्ये नेऊन उभे केले. ९ जून १८६८ रोजी तेरा वर्षांच्या जॉनचे नाव शिकाऊ वादक म्हणून दलाच्या नोंदीत चढले. सर्कस गावातून निघून गेली. हा गणवेशात राहिला.

बापाने पोराला दारूगोळ्याकडे नव्हे, वाद्यांकडे नेले, हे खरे. तरी लष्कर ते लष्कर. पोराचे मन विचारले नव्हते. मला अंतोनियोंचा थोडा रागही येतो, आणि त्यांच्या जागी मी काय केले असते हे सांगता येत नाही.

मधला एक छोटा खंड सोडला तर १८७५पर्यंत जॉन तेथे होता. बाहेर पडल्यावर १८७६ साली फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनाच्या वेळी फ्रान्सचा प्रसिद्ध संगीतकार ओफेनबाख आला. त्याच्या वाद्यवृंदात हा व्हायोलिन वाजवायला बसला. या वेळी पळाला नाही. १ ऑक्टोबर १८८० रोजी, वयाची पंचविशी गाठलेला सूझा त्याच मरीन बँडचा प्रमुख झाला. वडिलांनी जेथे बोट धरून आणले होते, तेथेच.

बारा वर्षांत त्याने बँडचे रूप पालटले. 'वॉशिंग्टन पोस्ट' हा त्याचा मार्च १८८९चा. त्यावर युरोप-अमेरिकेची नाचघरे थिरकली. सूझाच्या हाती प्रकाशकाकडून पडले ३५ डॉलर. माझ्यातला बँकवाला येथे अडखळतो. सूझाही विसरला नसावा, कारण संगीतकारांच्या हक्कांसाठी १९१४ साली अमेरिकेत संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत तो होता.

१८९२ साली त्याने स्वतःचा बँड काढला आणि सुमारे चार दशके गावोगाव, १९१०-११मध्ये तर जगभर हिंडवला. त्याचा टापटिपीचा बाणा प्रसिद्ध होता. गणवेशावर सुरकुती नाही, आणि कार्यक्रमाला उभे राहताना हातात कोरे पांढरे हातमोजे. सत्तरी उलटल्यावर, १९२८ साली आत्मचरित्र लिहिले, तेव्हा मास्तरांच्या शर्टाची आणि न मिळालेल्या खाऊची हकिकत त्याने टाळली नाही.

५ मार्च १९३२ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग गावी तो स्थानिक बँडची तालीम घेत होता. शेवटी घेतला तो त्याचाच 'स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर'. रात्री हॉटेलच्या खोलीत त्याचे हृदय थांबले. वय सत्त्याहत्तर. पार्थिव वॉशिंग्टनला आणले आणि अंत्यदर्शनासाठी ठेवले मरीन बॅरेकमध्ये, बँडच्या तालमीच्या सभागृहात.