कोलोनचा फारिना

ताप चढला की कपाळावर कोलन वॉटरची घडी ठेवायची, ही पद्धत आमच्या जोगेश्वरीच्या चाळींतून आजीच्या पिढीपर्यंत घरोघरी होती. लिंबासारखा, किंचित कडवट असा तो वास मला फार आवडे. पुढे त्या वासामागचा माणूस वाचनात आला आणि त्याच्याविषयी लिहावेसे वाटले.

योहान मारिया फारिना याचा जन्म १६८५ साली उत्तर इटलीतील सांता मारिया माज्जोरे या डोंगराळ गावी झाला. कोकणातून माणसे मुंबईला आली, तशीच त्या खोऱ्यातली माणसे पोटासाठी उत्तरेकडे जात. त्याच्या थोरल्या भावाने १७०९ साली ऱ्हाईनकाठच्या कोलोन शहरात रेशीम, लेस अशा मालाचे दुकान थाटले. १७१४ साली फारिना त्यात सामील झाला.

त्या काळी युरोपातील श्रीमंत कस्तुरीसारखी जड, उग्र अत्तरे वापरीत. फारिनाने वेगळी वाट धरली. बर्गमोट हे संत्र्या-लिंबाच्या कुळातले फळ दक्षिण इटलीत कॅलाब्रियाच्या किनाऱ्यावर पिकते. गर आंबट-कडू, मोल सालीचे. मोसंबीची साल चिमटीत दाबल्यावर जो फवारा उडतो, तसेच तेल या सालीत असते. १ किलो तेलाला सुमारे २०० किलो फळे लागतात. हे तेल इतर सुगंधी तेलांबरोबर शुद्ध मद्यार्कात मिसळून त्याने हलके, ताजे सुगंधी पाणी तयार केले.

त्याचे खरे कसब मला पुढच्या गोष्टीत दिसते. फळांचा वास हंगामागणिक बदलतो. फारिना निरनिराळ्या वर्षांची तेले नाकाने पारखून अशा प्रमाणात मिसळी की बाटली कोणत्याही सालची असो, वास तोच यावा. आपल्याला आश्रय देणाऱ्या शहराचे नाव त्याने या पाण्याला दिले. राजेरजवाडे त्याचे गिऱ्हाईक झाले. १७६६ साली कोलोनमध्येच तो वारला.

लोक हे पाणी औषध म्हणूनही घेत. १८१० साली नेपोलियनने औषधांची गुपिते उघड करण्याचा हुकूम काढला, तेव्हा विक्रेत्यांनी हे केवळ सुगंधी पाणी असल्याचे जाहीर करून कृती झाकून ठेवली!

कृती राखता आली, नाव मात्र राखता आले नाही. मालाच्या नावाला तेव्हा कायद्याचे संरक्षण नव्हते. १८०३ साली म्यूलहेन्स नावाच्या व्यापाऱ्याने, या घराण्याशी संबंध नसलेल्या एका फारिनाकडून ते नाव वापरण्याचा हक्क विकत घेतला आणि पुढे इतरांनाही विकला. १८८१ साली त्याच्या नातवाला ते नाव सोडावे लागले. तेव्हा त्याने घराचा क्रमांक ४७११ हेच मालाचे नाव केले.

बाहेरून आलेल्यांनी शहराला काय दिले, असा प्रश्न मुंबईत अधूनमधून विचारला जातो. कोलोनला त्याचे उत्तर फारिनाने दिले: शहराचे नाव जगभर गेले, आणि देणाऱ्याचे नाव बाजारात विकले गेले. तरी कोलोनच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर आज त्याचा पुतळा आहे आणि त्याच्या पेढीची पत्रे व हिशेबाच्या वह्या जपलेल्या आहेत. आपल्या जोगेश्वरीची लेणी कोरणाऱ्या कारागिरांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. फारिनाचे चरित्र वाचताना मला त्यांची आठवण झाली.